जिन्यावरचा चेहरा

रविवारी सकाळी वासंती घासलेट आणायला पिंपरीच्या बाजारात गेली होती. रेशनच्या दुकानासमोर ही लांबलचक रांग. डबा रांगेत ठेवून ती सावलीला सरकली, तर समोरच्या भिंतीवर पोस्टर. जुनाच सस्पेन्स पिक्चर: कंदील घेतलेली बाई आणि तिच्या मागं अंधारा जिना. खाली नव्या कागदाची पट्टी चिकटवलेली, ‘मॅटिनी. फक्त आज.’

ती तशीच घरी आली. नणंद मृदुला पोळ्या लाटत होती.

“डबा कुठंय, वहिनी?”

“राहिला रांगेत. आवर लवकर. पिक्चरला जायचंय.”

मृदुला लाटणं हातात धरून बघतच राहिली. भाऊ नाहीसा झाल्यापासून वहिनी कुणाच्या हळदीकुंकवालाही गेली नव्हती.

वासंतीचा नवरा हरिहर चिंचवडला एका कारखान्यात टर्नर होता. शहात्तर सालच्या थंडीत एका पहाटे तो पहिल्या शिफ्टला म्हणून निघाला, तो कंपनीत पोचलाच नाही. पिंपळे गुरवच्या बाजूला पवनेच्या काठी त्याची सायकल मिळाली. झाडाला नीट टेकवून, कुलूप लावलेली. नदीत गळ टाकून झाले, पाणबुडे उतरवून झाले. गेला म्हणावं तर प्रेत नाही, आहे म्हणावं तर पत्ता नाही. वासंती रोज कुंकू लावायची आणि रोज तिचा हात कपाळाशी अडखळायचा. घरात त्याचा एकच फोटो होता, लग्नातला, त्यातही अर्धं तोंड मुंडावळ्यांनी झाकलेलं. वर्ष उलटलं तसा तिला त्याचा चेहरा आठवेनासा झाला. नाक आठवलं की डोळे निसटायचे. रात्र रात्र ती त्या चेहऱ्याची जुळवाजुळव करत पडायची.

आणि हा पिक्चर तर लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत दोघांनी याच थिएटरात पाहिला होता. मध्यंतरानंतर नायिका कंदील घेऊन जिना चढते. वर एक माणूस पाठमोरा उभा. तो सावकाश वळतो... आणि तो चेहरा हरिहरचा होता! वासंती किंचाळली. पण सगळं थिएटरच किंचाळलं होतं, कुणाला काही वाटलं नाही. खरा हरिहर तिच्या शेजारीच बसला होता. “अगं, नट आहे तो,” तो हसून म्हणाला. तिनं कुणालाच काही सांगितलं नाही.

आज तिला तोच चेहरा हवा होता. भीती तर भीती.

थिएटरचं पत्र्याचं छप्पर तापलं होतं. फिनेलचा आणि विड्यांचा वास कोंडलेला. दारातल्या काळ्या पडद्याशी डोअरकीपर दत्तोबा तिकिटं फाडत होता. हॉल अर्धाअधिक मोकळा. वासंतीच्या एका बाजूला मृदुला बसली, दुसऱ्या बाजूला कुणीच नव्हतं.

पिक्चर सुरू झाला, आणि वासंतीचं मन खचत गेलं. हाच का तो, ज्यानं तिची झोप उडवली होती? वटवाघळाची दोरी दिसत होती. चंद्र पुठ्ठ्याचा. खुनी कोण ते पहिल्या रिळातच कळत होतं, मागची पोरं त्याचं नाव घेऊन शिट्ट्या मारत होती. मग जिना आला. तिनं श्वास रोखला. माणूस सावकाश वळला... पावडर थापलेला एक जाडसर नट. पोरं खो खो हसली.

तिच्या आत काहीतरी विझलं. हरिहर सापडेल अशी एवढी एकच जागा उरली होती. तिथंही तो नव्हता.

बाहेर ऊन रणरणत होतं. दत्तोबा दार ओढून घेता घेता थांबला.

“बाई, तुमचं मालक न्हाई आलं भाईर?”

“कोण मालक?” मृदुलानं विचारलं.

“ह्या बाईंच्या शेजारी बसलं हुतं की. पिक्चर कुठलं बघत्यात! समदा वेळ ह्यांच्या तोंडाकडंच बघत हुतं. म्या ब्याटरी मारली, तरी डोळं मिटलं न्हाईत...”

वासंती धावत आत गेली. उघड्या दारांतून उजेड आत आला होता आणि सगळ्या खुर्च्या रिकाम्या होत्या. ती खाली बसली. “मी पडद्याकडं बघत होते गं,” ती म्हणत राहिली. “मृदुला... मी पडद्याकडंच बघत होते...”

त्यानंतर तिनं एक रविवार चुकवला नाही. पिक्चर कुठलाही असो, ती दोन तिकिटं काढायची आणि पडद्याकडं न बघता शेजारच्या खुर्चीकडं टक लावून बसायची. मृदुलानं समजावलं, पाया पडली, रडली. शेवटी तिच्याबरोबर यायचीच थांबली. वासंती वाळत चालली. पिक्चर संपायचा, दिवे लागायचे, खुर्ची रिकामीच असायची.

एका रविवारी मध्येच लाइट गेली. पंखे घरघरत थांबले. अंधारात ओरडाआरडा सुरू झाला. दत्तोबा ब्याटरी घेऊन तिच्या रांगेशी आला आणि वाकून हळूच म्हणाला,

“बाई... आता यिऊ नगा हितं.”

“दत्तोबा, खरं सांगा. बसतात का हो ते इथं?”

त्यानं ब्याटरी विझवली.

“त्या खुर्चीवर न्हाईत बसत...” तो म्हणाला. “तुमी तकडं बघाया लागला तवापासनं मागल्या रांगेत बसत्यात. तुमच्या बरुब्बर मागं...”

वासंतीनं मागं वळून पाहिलं नाही. पाहिलं तर तो तिथूनही जाईल, एवढं तिला कळलं होतं. मान ताठ करून ती अंधारात समोर बघत राहिली. पंखे बंद होते, दारं बंद होती, वारा कुठूनच नव्हता. आणि तिच्या अंबाड्यातून सुटलेली एक बट मानेवर संथ लयीत हलत होती.