बंद दाराआडचा आवाज

"माझ्या बायकोचे दात चोरीला गेलेत," दारातूनच तो म्हणाला.

जमादारांना हसू फुटलं. पोलिसातून निवृत्त झाल्यापासून ते चोऱ्यांचा छडा लावणाऱ्या हेरकाकूंच्या मदतीला येत. काकूंनी डोळे वटारले, तसे ते गप्प झाले.

त्याची बायको रेडिओवर निवेदिका होती. चार महिन्यांपूर्वी स्कूटर घसरली. चालवत होता तोच. तिचं तोंड फुटपाथच्या कडेवर आपटलं. काही दात तिथंच पडले, उरलेसुरले डॉक्टरांना काढावे लागले. आज कवळी लावून ती पहिल्यांदाच स्टुडिओत जायची होती. आणि सकाळी कवळीच गायब!

काकू आणि जमादार त्याच्याबरोबर गेले. घर तळमजल्यावर होतं. बायकोच्या खोलीची खिडकी उघडी होती. उशाशी रिकामी वाटी, शेजारी सोन्याची अंगठी जशीच्या तशी.

"अंगठी सोडून दात नेणारा चोर?" काकू पुटपुटल्या.

बाहेरच्या खोलीत तिच्या जागी सध्या बोलणारा सहकारी बसला होता. तिला न्यायला गाडी घेऊन आला होता.

जमादारांनी त्याच्यावर नजर रोखली. "ती परत आली तर तुमची खुर्ची जाणार, नाही का?"

"जाऊ दे की! कालच तिला म्हटलं, अगदी पहिल्यासारखी बोलतेस. पण ती एकदम उठून आत गेली. माझं काय चुकलं, देव जाणे."

नणंद स्वयंपाकघरात होती. "मी चहा टाकत होते. वहिनीच्या खोलीचं दार बंद होतं. आतूनच ओरडली, 'ताई, माझी कवळी गेली! खिडकीतून कुणीतरी नेली!' मला तर क्षणभर रेडिओच लागलाय असं वाटलं. धावत गेले, तर ही तोंडावर पदर धरून बसलेली."

निवेदिका भिंतीकडे तोंड करून बसली होती. काकूंनी हळूच विचारलं, तेव्हा म्हणाली, "हकाळी उथले, तल वाती लिकामी."

जमादारांनी दोनदा विचारलं, तरी त्यांना कळेना. तिचे डोळे भरून आले.

काकूंनी सगळ्यांना तिथंच बोलावलं.

"खिडकीतून कुणी आलंच नाही. जमादार, आत्ताचं हिचं बोलणं तुम्हाला समजलं?"

"एक अक्षर नाही."

"आणि सकाळी बंद दाराआडून हिच्या नणंदेला शब्द न् शब्द कळला. अगदी रेडिओसारखा. दात नसताना?"

नणंदेचा हात तोंडाशी गेला. "अगंबाई! म्हणजे ओरडली तेव्हा कवळी..."

"तोंडातच होती. मग काढून लपवली. का, ते मात्र हिनंच सांगावं."

मग तिनं उशीच्या अभ्र्यातून कवळी काढली, पाठमोरी होऊन बसवली आणि नवऱ्याकडे वळली.

"काल मोबाइलवर माझा आवाज ऐकला. प्रत्येक 'स'ला शीळ वाजते. आणि तुम्ही सगळे म्हणता, अगदी पहिल्यासारखं!"

"अगं, पण मला सांगायचं ना!"

"कसं सांगू? तू स्कूटर विकलीस. रात्र रात्र जागतोस. आजच्या दिवसाकडे डोळे लावून बसला होतास. मी नाही म्हटलं असतं, तर तू कायमचा खचला असतास."

तो खाली बघत राहिला. "शीळ मलाही ऐकू येते. पहिल्या दिवसापासून."

"मग बोलला का नाहीस?"

"पाडलं मीच. वर नावं कोणत्या तोंडानं ठेवू?"

ती रडू लागली. तो जवळ गेला, पण तिला हात लावायचा धीर त्याला होईना. शेवटी तिनंच त्याची बाही धरली.

"स्टुडिओत काय कळवू?" सहकाऱ्यानं चाचरत विचारलं.

"आज येत नाही," ती म्हणाली. "का, ते हा सांगेल. खरं खरं."

नवऱ्यानं स्टुडिओत फोन लावला. पलीकडून कुणीतरी उत्साहानं "निघालात का?" विचारत होतं.

"त्या दिवशी," तो म्हणाला, "स्कूटर मी चालवत होतो."