म्हाताऱ्याचे चाळीस सेकंद

आमच्या मामाला थाप मारता येत नाही. मारली की कान लालभडक होतात. हे सांगताना त्याचे कान पांढरेफटक पडले होते, म्हणून मी ठामपणे सांगतोय... हे घडलंय.

मंगळवार होता. भर दुपारचे दोन. रात्रबित्र काही नाही.

मामा माहितीपटांचं एडिटिंग करतो. गोदामावरची एक खोली, खिडकीला काळा पडदा, बस्स. तेव्हा एका जुन्या जॅझ बँडवरची फिल्म चालू होती. दिग्दर्शक मामाचा वीस वर्षांचा दोस्त. सगळे त्याला दाढी म्हणतात.

बँडमधला एकच माणूस हयात होता. सॅक्सोफोन वाजवणारा म्हातारा. त्याच्या शूटिंगला आवाज रेकॉर्ड करायला मामाच गेला होता.

म्हातारा चाळीस सेकंद बोलला.

"ती गाजलेली धून बँडमास्तरची नाही, माझी आहे. माझी आजी कपडे पिळताना गुणगुणायची. तिच्या आईने ती आफ्रिकेतून येताना सोबत आणलेली. मास्तरने रेकॉर्डवर स्वतःचं नाव टाकलं. पन्नास वर्षं मी गप्प बसलो."

मग मामाचा हात धरून म्हणाला, "बाळा, एवढं कापू नकोस."

"शब्द देतो, आजोबा."

महिन्याभरात म्हातारा गेला. आठवड्याने दाढी येऊन टपकला.

"ते चाळीस सेकंद उडव. नाहीतर मास्तरची मुलं जुन्या रेकॉर्डी वापरू देणार नाहीत."

"अरे, आपण शब्द दिलाय!"

"तू दिलास. आणि तो काय आता बघायला येणारे?"

त्या मंगळवारी दुपारी मामाने ते उडवलं. माझ्या सख्ख्या मामाने! मला अजून राग येतो.

या फिल्मवाल्यांची एक पद्धत असते. मुलाखत संपली की सगळे मिनिटभर गप्प बसतात आणि खोलीची नुसती शांतता रेकॉर्ड करतात. कापलेल्या जागी ती भरली की जोड कळत नाही.

मामाने म्हाताऱ्याच्याच खोलीतली शांतता तिथे भरली. लावून ऐकली.

शांतता... आणि एक श्वास.

सॅक्सोफोन फुंकण्याआधी घेतात तसा. खोल.

त्याने शांततेचा दुसरा तुकडा लावला. पुन्हा श्वास... आता जवळून.

मामाने हेडफोन काढून टेबलावर आपटला.

श्वास थांबला नाही.

मामा ओरडला, "आजोबा, चुकलो! परत लावतो, आत्ता लावतो!"

श्वास थांबला.

त्याने मूळ मुलाखत उघडली. म्हातारा बोलत होता. ओठ हलत होते.

आवाज... नव्हता.

आधीचा खोकला ऐकू येत होता. नंतरची खुर्चीची करकरही. फक्त ते चाळीस सेकंद मुके. तीन हार्डडिस्कवर तीन कॉप्या होत्या. तिन्हींत तेच!

त्याने दाढीला फोन केला. दाढी हसला. "बरं झालं, कटकट मिटली."

मामाने फोन ठेवला. वीस वर्षांची दोस्ती त्या एका हसण्यात संपली.

संध्याकाळी तो म्हाताऱ्याच्या मुलीकडे गेला. जिना चढताना वरून कुणीतरी बोलत होतं. शब्द नीट लागत नव्हते. त्याने बेल वाजवली. तिने दार अर्धंच उघडलं. मामाने सगळं कबूल केलं, काही लपवलं नाही.

तिला आश्चर्य वाटलंच नाही.

"दुपारी दोनपासून बाबा बोलताहेत. त्यांच्या खोलीत. धून, आजी, रेकॉर्ड... संपलं की पुन्हा तेच."

मामा रडायलाच लागला. "ताई, एकदा रेकॉर्ड करू द्या. या वेळी कुणाच्या बापाला कापू देणार नाही."

तिने आत कान दिला. बराच वेळ.

"तुम्ही बेल वाजवलीत आणि ते गप्प झाले."

आणि तिने दार लावलं.

मामा दोन जिने उतरला असेल, तोच वरून म्हाताऱ्याचा आवाज आला. तो धावत वर गेला... काही नाही.

फिल्म लागली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मामा गेला नाही.

तो अजून दर मंगळवारी रेकॉर्डर घेऊन त्या घरी जातो. जिन्यात स्पष्ट ऐकू येतं म्हणतो, पण रेकॉर्डरवर नुसती शांतता उतरते.

दारापर्यंत पोचलं की तेही नाही.