शेजारचा पत्ता

कॉलेजच्या तळघरातला जुना सर्व्हर शुक्रवारी भंगारात जाणार होता. त्यात थोरल्या भावाचा लंबक होता, आणि धाकट्याला घोर होता तो तेवढ्याचाच.

थोरला पदार्थविज्ञान शिकवायचा. वेबपानात बसवायचा एक चिमुकला प्रोग्राम, ॲपलेट म्हणतात तसला, त्यानं स्वतः लिहिला होता. पडद्यावर दोरी, दोरीला गोळा. माउसनं गोळा ओढून सोडला की झुलायचा आणि दोन मिनिटांत दमून थांबायचा. थोरला जाऊन तीन वर्षं झाली होती. वहिनी रोज दुपारी ते पान उघडून बसत. त्याच्या हातचं तेवढंच उरलं होतं.

धाकटा त्याच कॉलेजात कॉम्प्युटर सांभाळायचा. दोघा भावांचा जुना वाद होता. लंबकाची फाइल कुठे शोधायची हे पानाला सांगावं लागतं. थोरल्यानं पूर्ण पत्ता लिहिला होता: सर्व्हरचं नाव, फोल्डर, मग फाइल. धाकटा म्हणायचा, "अरे दादा, नुसतं 'माझ्या शेजारी' असं लिही ना! उद्या बिऱ्हाड हललं तरी अडायचं नाही."

थोरला डावखुरा. डाव्या हातानं माउस फिरवत तो हसायचा. "शेजारी लिहायचं तर शेजारी असावं लागतं, शहाण्या."

गुरुवारी धाकट्यानं आपलंच खरं केलं. पत्ता बदलून 'शेजारी' केला, सर्व्हरवरच चालवून पाहिला, पान पेनड्राइव्हवर घेतलं आणि वहिनींच्या घरच्या कॉम्प्युटरवर उतरवलं. वहिनींनी उजव्या हातानं माउस ओढून घेतला आणि पान उघडलं. लंबक आला.

"आता हा कुठं जायचा नाही ना, भावजी?"

"घरातच आहे आता. इंटरनेटसुद्धा लागणार नाही."

शुक्रवारी सर्व्हरच्या डिस्कचा यंत्रात घालून चुरा केला गेला.

शनिवारी जेवता जेवता त्यानं पेनड्राइव्ह उघडला आणि हातातला घास ताटात परत ठेवला. आत एकच फाइल होती. पान. इतकी वर्षं पूर्ण पत्त्याची सवय; पान हलवलं की काम झालं. पत्ता 'शेजारी' केला, पण शेजारी ठेवायची लंबकाची फाइल त्यानं उचललीच नव्हती. तिचा चुरा झाला होता, तोही त्याच्याच सहीनं.

मग वहिनींच्या पडद्यावर आलं ते काय? ब्राउझरनं कुठेतरी जुनी प्रत धरून ठेवली असणार. ती पुसली जायच्या आत काढून घ्यायला हवी. त्यानं फोन लावला.

"वहिनी, लंबक चालू आहे?"

"चालूच आहे की."

"काही बंद करू नका. आलोच."

तो पोचला तेव्हा वहिनी खिडकीपाशी उन्हात शेंगा सोलत बसल्या होत्या. "केवढी धाप ही! वय झालं आता, जिने जपून चढावेत."

तो सरळ कॉम्प्युटरपुढच्या खुर्चीत बसला. त्याचं सगळं काम कीबोर्डवर चालायचं. फोल्डरमध्ये एकच फाइल होती. ब्राउझरनं काहीही साठवलेलं नव्हतं. सगळा कॉम्प्युटर धुंडाळला. लंबक कुठेच नव्हता. त्यानं इंटरनेटची वायर उपटली. कॉम्प्युटर बंद केला, चालू केला, पान उघडलं.

लंबक झुलत होता.

"तुम्ही ओढला होतात, वहिनी?"

"गुरुवारपासून मी हातच लावला नाही. थांबायला आला की परत झुलतो." त्यांनी मान वर केली नाही. "तुम्हीच केलंत ना तसं?"

गोळा मंदावला. अगदी थांबायला आला.

मग सावकाश एका बाजूला गेला. दोरी ताणली गेली. क्षणभर तसाच राहिला.

सुटला.

धाकट्यानं माउससाठी उजवीकडे हात नेला. तिथे नुसतं टेबल होतं.

माउस कीबोर्डच्या डावीकडे होता. त्यानं त्यावर तळवा ठेवला.

ऊन तिथवर पोचत नव्हतं. माउस कोमट होता.