उचलून आणलेली सरहद

बसा, इथंच ओट्यावर बसा. कंदील उंबऱ्यावर आहे, तो तिथंच राहू द्या. आत या म्हणत नाही त्याला कारण आहे, तेच सांगतो.

पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, आणि काही वर्षांनी सरकारच्या ध्यानात आलं की त्या राज्याची सरहद मात्र अजून जागेवरच पडली आहे. ती उचलून आणायला मला पाठवलं.

थट्टा नाही. पिशोरच्या पुढं वाट डोंगर उतरून खानदेशात जाते. तिथं करोडगिरीचा, म्हणजे निजामाच्या जकातखात्याचा नाका होता. अलीकडे निजामाचा मुलुख, पलीकडे इंग्रजांचा, आणि मध्ये रस्त्यावर आडवा सागाचा दांडा. दोन्हीकडे एकच झेंडा लागला तरी दांडा इमानेइतबारे आडवाच. मी त्या खात्यातला कारकून. नाक्याचं सामान आणून औरंगाबादच्या गोदामात जमा करायचं, एवढंच काम.

नाक्यावर कमरोद्दीन चाचा म्हणून म्हातारे शिपाई होते. खुर्ची, कंदील, पितळी शिक्का त्यांनी मुकाट्यानं काढून दिला. मी दांड्याला हात लावला तसे म्हणाले, "मुन्शीजी, ह्यो राहू द्या."

"चाचा, सरहदच नाय राहिली. आता अडवायचं कुणाला?"

"हाय एक जण."

मला वाटलं, असेल कुणी चोरटा व्यापारी. चाचांनी कंदिलाची काच पुसत पुसत सांगितलं ते वेगळंच. त्यांचे आजोबा मुबारक खाँ औरंगाबादच्या छावणीत स्वार होते. सत्तावन्न सालचा उन्हाळा. आधी नुसती कुजबुज होती, की रिसाल्याला दिल्लीच्या बादशहावर चालून जायचंय. मग अवेळी घोड्यांना नाल ठोकू लागले. स्वार रात्रीचे तंबूतंबूतून जमू लागले आणि गोरा साहेब दिसला की गप्प होऊ लागले. शेवटी त्यांनी शपथ घेतली, की निजामाच्या सरहदीबाहेर लढायला पाऊल टाकणार नाही. साहेबानं मान डोलावली, कुणी नेणार नाही म्हणून शब्द दिला. साहेबाचा शब्द तोफा येईपर्यंत टिकला. मुबारक खाँला काळ्या चबुतऱ्यावर फाशी दिलं. आता आपण त्याला क्रांती चौक म्हणतो आणि तिथं भाजी घेतो.

"आजोबा अजून निघतेत," चाचा म्हणाले. "दिवेलागणीला. कुणी तरी हुकूम देतंय, दिल्ली चलो. दांड्यापाशी आले की इचारतेत, सरहद किधर है. म्या म्हणतो, यहींच है. मंग मागं फिरतेत. दांडाच नसला, जबाब द्यायला कुणी नसलं, तर जातील की पुढं. शपथ मोडंल. मंग फाशी कशापायी घेतली?"

म्हातारा एकटा राहून राहून असा झाला असेल, असं मी मनात म्हटलं. पण वाचनाची खोड. भुताखेतांची पुस्तकं मीही पुष्कळ वाचलेली. संध्याकाळपर्यंत थांबलो.

सूर्य डोंगराआड गेला आणि वारा पडला. रातकिडे मध्येच थांबले. घोड्याच्या घामाचा आणि ओल्या चामड्याचा वास आला. पिशोरकडून टापा ऐकू येत होत्या. रस्ता वळणापर्यंत पांढरा स्वच्छ, त्यावर चिटपाखरू नाही. टापा दांड्यापाशी येऊन थांबल्या. दांडा मधोमध किंचित वाकला, कुणी छाती टेकावी तसा. मग गळा आवळलेल्या माणसाचा आवाज...

"सरहद... किधर है?"

चाचा उठून उभे राहिले. "यहींच है, दादाजान."

वाकलेला दांडा सरळ झाला. मग टापा मागं गेल्या, सावकाश. घरी जाणाऱ्या घोड्याची चाल.

सकाळी ऊन पडलं आणि मी पुन्हा कारकून झालो. दांडा काढला. चाचांनी बैलगाडीत चढवायला हात दिला आणि म्हणाले, "म्या हाय तवर काठी आडवी धरून उभा राहीन. पुढचं... दांडा जिथं असंल, तिथं पाहा."

गोदामातल्या बाबूंनी बाकीचं सामान घेतलं. दांडा कोणत्या सदरात घालावा हे त्यांना कळेना. घेऊन जा म्हणाले. त्या वेळी क्रांती चौकाच्या मागं हे घर बांधत होतो. सुताराला सागाचा मोह पडला. दांड्याचा उंबरा झाला. माझ्या बायकोनं, द्वारकाबाईनं, त्याला हळदकुंकू वाहिलं.

वर्षं गेली. मी निवृत्त झालो. गेल्या महिन्यात पिशोरच्या एका माणसानं बातमी आणली, की कमरोद्दीन चाचा गेले. रस्त्यातच सापडले, हातातली काठी आडवी.

त्या संध्याकाळी मी इथं, दाराकडे पाठ करून बसलो होतो. वास आला. मी चौकाकडे पाहत राहिलो. जबाब तोंडात तयार होता. पण टापा रस्त्यावर नव्हत्या. त्या माझ्या मागं, माजघराच्या फरशीवर वाजत होत्या. उंबऱ्यापाशी येऊन थांबल्या. तेव्हा मला कळलं. सरहद उंबऱ्यात, म्हणजे निजामाचा मुलुख घरात, आणि ओटा पलीकडे...

मागं न बघता मी म्हणालो, "यहींच है."

टापा फिरल्या नाहीत. तोच आवाज कुणाला तरी हळूच विचारू लागला, "उस पार... कौन बैठा है?"

"अपने मुन्शीजी हैं, दादाजान," दुसरा आवाज म्हणाला. तो मी ओळखला. "नेक आदमी हैं. उधरइच रह गये."

मग टापा मागं गेल्या.

तेव्हापासून मी ओट्यावरच असतो, झोपतोही इथंच. द्वारकाबाई दिवसभर आतबाहेर करते, तिला काही ऐकू येत नाही. म्हणते, स्वतःच्या घरात यायला तुम्हाला कुणाचा हुकूम लागतो का? लागतो, असं तिला कसं सांगू? दिवेलागणीला जबाब तेवढा चुकवत नाही.

आणि हा कंदील. नाक्यावरचाच आहे, काच पाहा कशी लख्ख पुसलेली. मी स्वतः गोदामात जमा करून आलो होतो. रोज संध्याकाळी उंबऱ्यावर असतो, आतल्या अंगाला, पेटलेला. द्वारकाबाईला वाटतं, मी ठेवतो.