आवाज आढळला नाही

"आधी तो आवाज काढून दाखवा."

हे वाक्य गाडीखालून आलं. बोलणारा दिसत नव्हता. दिसत होते ते फक्त दोन बूट – एकाची नाडी काळी, दुसऱ्याची निळी.

सर्व्हिस सेंटरच्या काउंटरपाशी ती दोन महिन्यांत चौथ्यांदा उभी होती. गाडी घेऊन जेमतेम दोन महिने झाले होते. सीटवरचं प्लास्टिकसुद्धा बाबांनी अजून काढू दिलं नव्हतं. आणि तरी इंजिनातून आवाज येत होता. तिच्या हातातल्या कार्डावर तीन रकाने होते. तक्रार – खडखड. कारण – आवाज आढळला नाही. उपायाच्या रकान्यात नुसती रेघ. आधीच्या तीन कार्डांवरही अक्षरन् अक्षर हेच होतं.

"मॅडम, नव्या गाडीला असं असतंच," काउंटरवरचा चष्मेवाला म्हणाला. "हळूहळू जाईल तो आवाज."

"आवाज आढळलाच नाही म्हणता, मग जाईल काय?"

चष्मेवाल्याने चष्मा पुसायला घेतला. तेव्हाच गाडीखालून ते वाक्य आलं होतं.

"कसा काढून दाखवू?" तिने बुटांना विचारलं.

"तोंडाने."

दुसरी कोणी असती तर लाजली असती. पण ही कमी ऐकू येणाऱ्या मुलांना बोलायला शिकवणारी बाई. वर्गात रोज वाघ, बेडूक आणि कुकर होण्याची तिला सवय होती. तिने जीभ टाळूला लावली आणि एक बारीक, थरथरता आवाज काढला.

"पुन्हा."

तिने पुन्हा काढला.

"आणखी एकदा."

तिसऱ्या वेळी चाकांच्या फळीवर आडवा पडलेला एक तरुण गाडीखालून सरकत बाहेर आला. नाकाच्या शेंड्यावर ग्रीस होतं आणि चेहऱ्यावर हसू.

"पहिल्याच वेळी कळलं होतं ना तुम्हाला?" तिने विचारलं.

"दुसऱ्या वेळी. तिसरी वेळ आपली... खात्रीसाठी." तो उठून बसला आणि हात पुसू लागला. "ही खडखड नाही. खडखड लिहिलं की आमची माणसं सरळ चाकांकडे धावतात. खडखड म्हणजे चाकं, कुरकुर म्हणजे पट्टा, टकटक म्हणजे तेल. चारही वेळा त्यांनी तुमची चाकंच उघडली असणार."

ती चष्मेवाल्याकडे वळली. "मी खडखड म्हटलंच नव्हतं."

"तुम्ही म्हणालात, 'कसलासा आवाज येतो'," चष्मेवाला म्हणाला. "आता रकान्यात 'कसलासा' कसं लिहू? म्हणून मी खडखड लिहिलं."

"मग ह्याला म्हणायचं तरी काय?" तिने त्या तरुणाला विचारलं.

"ते सापडल्यावर कळेल. कारण स्वतःच्या कानांनी ऐकल्याशिवाय मी काही लिहीत नाही. कधी येतो आवाज?"

"सकाळी. घरून निघताना. पहिली चार मिनिटं, फार तर."

"आणि घर किती लांब?"

"वीस मिनिटं."

त्याने चष्मेवाल्याकडे पाहिलं. "म्हणजे आवाज घरीच राहतो. इथे येते ती नुसती गाडी."

दोन महिन्यांत ती पहिल्यांदा हसली. पण लगेच सावरली, कारण आज बुधवार होता. "हे बघा, रविवारी मला ही गाडी घेऊन निघायचंय. सहा तासांचा डोंगरातला रस्ता आहे. सोमवारी नव्या नोकरीवर हजर व्हायचंय. तिथली मुलं शाळेपर्यंत येऊ शकत नाहीत, मलाच घरोघर जायचंय. गाडी नसेल तर ती जागा दुसऱ्या कोणाला तरी देतील."

"मग अडचण काय? चार मिनिटांचा तर आवाज."

"बाबा. आवाज सापडल्याशिवाय गाडी वेशीबाहेर जाणार नाही म्हणतात. आणि तुझे कान वाजतात, असंही तेच म्हणतात. दोन्ही एकाच दमात."

तो गंभीर झाला. "गाडी आज इथेच ठेवा. रात्रभर गार होऊ दे. सकाळी सहाला मी सुरू करतो."

"मी आल्याशिवाय किल्ली फिरवायची नाही."

"नाही फिरवणार, मॅडम."

"मॅडम नको. शाळेत मला बाई म्हणतात."

"आणि मला इथे वैद्यबुवा म्हणतात," तो म्हणाला. "का ते उद्या कळेल."

गुरुवारी सकाळी सर्व्हिस सेंटरच्या अंगणात धुकं उतरलं होतं. पावणेसहाला ती फाटकाशी पोचली तेव्हा तो आधीच बोनेट उघडून उभा होता. हातात वीतभर नव्हे, चांगला हातभर लांब स्क्रूड्रायव्हर. त्याचं टोक इंजिनावर टेकवायचं आणि मूठ कानामागच्या हाडाला लावायची, ही त्याची नाडीपरीक्षा. म्हणून वैद्यबुवा.

तिने किल्ली फिरवली. इंजिन गुरगुरलं, आणि त्या गुरगुरीच्या आतून तो आवाज आला. बारीक, थरथरता. त्याने एक बोट वर केलं.

"आला," तो म्हणाला.

एवढाच शब्द. पण दोन महिने बाबा, चुलतभाऊ, शेजारचे काका, चष्मेवाला – सगळ्यांनी मान हलवून नाही म्हटलं होतं. तिने पटकन आरशात बघितल्यासारखं केलं. डोळ्यांत काय आलंय ते त्याला दिसायला नको होतं.

तो इंजिनावर इथे तिथे टोक टेकवत गेला. पण इंजिनाच्या पोटात शंभर आवाज. हा नेमका कुठला हे ठरेपर्यंत चार मिनिटं संपली आणि आवाज विरून गेला.

"आता?" तिने विचारलं.

"आता उद्या. गाडी पुरती गार व्हायला रात्र जावी लागते. दिवसाला एकच संधी."

"इतक्या पहाटे यायचं म्हणजे... घरी बायको ओरडत नाही?"

"सकाळी सहाला गाड्यांशी बोलत बसणाऱ्याला कोण मुलगी देतंय?"

"मी सहज विचारलं."

"मीही सहजच सांगितलं."

शुक्रवारी पाऊस पडत होता. वर्कशॉपच्या पत्र्यावर तो असा कोसळत होता की शेजारच्याचं बोलणंही ऐकू येईना. अशात गाडी सुरू करणं म्हणजे हातची संधी घालवणं. दोघं गाडीत जाऊन बसले आणि पाऊस थांबायची वाट बघू लागले. सीटवरचं प्लास्टिक मात्र जरा हललं की कुरकुरायचं.

"हा पट्टा नव्हे," तो म्हणाला.

"हा बाबा," ती म्हणाली.

काचेवरून पाणी ओघळत होतं. मग त्याने विचारलं, "ज्या मुलांना ऐकूच येत नाही त्यांना आवाज शिकवता कसा?"

"हाताने. ती माझ्या गळ्यावर तळवा ठेवतात, मग स्वतःच्या. ठेवा तुमचा हात. तुमच्याच गळ्यावर... हां. आता काहीतरी बोला."

"काय बोलू?"

"काहीही."

तो बराच वेळ विचार करत राहिला. मग हळूच म्हणाला, "बाई."

"कळलं काही?"

"थरथरलं," तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले.

ती खिडकीबाहेर बघू लागली. खरं तर बाहेर पावसाशिवाय काही नव्हतं. बघता बघता ती एकदम ताठ बसली. प्लास्टिक कुरकुरलं.

"ऐका ना. तुम्ही कानाने शोधताय, आणि इंजिनात शंभर आवाज. मी हाताने शोधलं तर? माझ्याकडे वर्गातली लाकडी छडी आहे. मारायची नव्हे, फळ्यावर दाखवायची. मुलं ती ढोलाला टेकवून ठोका ओळखतात. उद्या एका बाजूने तुम्ही कान लावा, दुसऱ्या बाजूने मी छडी."

त्याने तिच्याकडे असं पाहिलं की ती पुढचं वाक्य विसरली.

"बुधवारीच का नाही सांगितलंत हे?"

"बुधवारी तुम्ही फक्त दोन बूट होता."

पाऊस नऊला थांबला. पण तोवर शेजारी हातोड्या सुरू झाल्या होत्या. शुक्रवार फुकट गेला.

शनिवार ही शेवटची संधी होती. बाबाही आले. हाताची घडी घालून भिंतीशी उभे राहिले. "चाललेत गाडीला छडी लावायला," कोणालाच उद्देशून नसल्यासारखं ते म्हणाले.

"बाबा, किल्ली तुम्ही फिरवा," ती म्हणाली.

इंजिन सुरू झालं. तो आवाजही आला, पण पहिलं मिनिट छडीला नुसती गुरगुर लागली. तिने छडी एका जागी टेकवली, उचलली, दुसरीकडे टेकवली. पलीकडून तो स्क्रूड्रायव्हर कानाला लावून हळूहळू सरकत होता. दुसरं मिनिट संपत आलं. तिच्या कपाळावर घाम, आणि सकाळ तर चांगली गार होती.

"घाई करू नका," तो म्हणाला.

"मी करत नाहीये. घड्याळ करतंय."

तिसऱ्या मिनिटाला धूर जाण्याच्या नळीवरच्या पातळ पत्र्यावर छडी टेकली आणि तळव्यात मुंग्या आल्यासारखं झालं.

"इथे."

त्याने वाकून स्क्रूड्रायव्हरने तो पत्रा दाबला. आवाज बंद. टोक उचललं. आवाज सुरू. पुन्हा दाबलं, बंद. पुन्हा उचललं...

"किणकिण," दोघं एकदमच म्हणाले.

बाबा गाडीतून उतरून आले. त्यांनी स्वतः तो पत्रा दाबून बघितला, सोडून बघितला. मग आणखी एकदा, लहान मुलाने करावं तसं. वैद्यबुवाने त्यांना समजावून सांगितलं. नळीच्या उष्णतेची झळ लागू नये म्हणून हा पत्रा असतो. दोन बोल्टांवर बसवलेला. एका बोल्टाखाली वॉशर घालायचं कारखान्यात राहून गेलंय. गाडी गार असते तेव्हा पत्रा सैल, म्हणून तो वाजतो. तापला की फुगतो, बोल्टाला घट्ट बसतो आणि गप्प होतो.

"म्हणजे वाजत होता तो हा पत्रा," बाबा म्हणाले. "हिचे कान नव्हेत."

"तुमच्या मुलीचे कान फार चांगले आहेत, काका."

बाबांनी त्याच्याकडे जरा वेळ निरखून पाहिलं. "तुझेही बरे दिसतात."

नखाएवढं एक वॉशर आणि दहा मिनिटांचं काम. त्याने कार्ड मागवून घेतलं. तक्रारीच्या रकान्यातलं 'खडखड' नीट एका रेघेने खोडलं, वर 'किणकिण' लिहिलं आणि मग कारणाचा रकाना भरला.

रविवारी सकाळी गाडी न्यायला ती आली तेव्हा बाबा सामान घेऊन आधीच तिथे पोचले होते. सीटवरचं प्लास्टिक निघालं होतं. ते बाबांनीच काढलं होतं. इंजिन सुरू झालं आणि नुसतं गुरगुरलं. काचेपाशी तो वाकून उभा होता.

"बरं मग," ती म्हणाली.

"बरं."

"काही... राहिलं का?"

त्याने तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. "टायरमधली हवा बघत जा. महिन्याने तपासणीला या."

"एवढंच?"

"पुढच्या टायरमधली विशेष," तो म्हणाला. त्याचे कान पुन्हा लाल झाले होते.

ती निघाली. डोंगरातल्या रस्त्याने एकटी, सहा तास. गाडी एकदाही कुरकुरली नाही. महिनाभर ती वाड्यावस्त्यांवर फिरली. एका मुलीला तिने तिचं स्वतःचं नाव बोलायला शिकवलं. रोज सकाळी गार गाडीची किल्ली फिरवताना ती क्षणभर थांबायची, कान द्यायची. किणकिण नसायची. आणि का कोण जाणे, तिला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

बरोबर एक महिन्याने, आदल्या रात्री बाबांकडे मुक्काम करून, ती फाटकातून आत आली. सकाळचे सहा. काउंटर बंद. अंगणात तो एकटा उभा, आज दोन्ही नाड्या काळ्या.

"काही तक्रार?" त्याने विचारलं.

"गाडीची नाही."

"मग माझी लिहून घ्या." त्याने खिशातून घड्या पडलेलं एक कार्ड काढून तिच्या हातात दिलं. वर तिच्या गाडीचा नंबर होता. खाली त्याचं अक्षर.

तक्रार – आवाज येत नाही.

कधीपासून – एक महिना.

थंड असताना की गरम – दोन्ही.

ती वाचत राहिली. तिला हसू येत होतं आणि ते ओठांवर काही केल्या थांबत नव्हतं. "कुठल्या इंजिनाचा आवाज हा?"

"तुमचा," तो म्हणाला.

"फोन करायचा होता. कार्डावर माझा नंबर होता की."

"तो गाडीच्या कामासाठी दिलेला. असा कसा वापरू?"

तिने कार्ड उलटसुलट केलं. "कारणाचा रकाना कोराच आहे."

"कारण माहीत आहे. पण स्वतःच्या कानांनी ऐकल्याशिवाय मी लिहीत नाही." तो थांबला. "माझ्या बाजूचं कारण सांगतो. मला तुम्ही आवडता. बुधवारपासून. तुम्ही तिसऱ्यांदा तो आवाज काढलात तेव्हापासून. आता तुमच्या बाजूचं..."

अंगणात कोणी नव्हतं. गाडी बंद होती, पाऊस नव्हता, हातोड्या नव्हत्या. इतकं शांत ते वर्कशॉप तिने कधी पाहिलं नव्हतं. तिने त्याचा हात धरला, त्याचा तळवा आपल्या गळ्यावर ठेवला, मुलांचा ठेवायची तसा. आणि अगदी हळू म्हणाली, "मलाही. तू."

त्याने श्वास रोखून धरला होता.

"आढळला का आवाज?" तिने विचारलं.

"आढळला." त्याने हात तसाच ठेवला. "पुन्हा एकदा म्हण ना... खात्रीसाठी."

"अंहं," ती म्हणाली. "दिवसाला एकच संधी. उद्या सकाळी सहाला."