दोनची कूस

हे खोटं असतं तर सगळ्यात आधी मीच देवाला नारळ फोडला असता. तेव्हा शपथबिपथ घेत नाही. पटलं तर वाचा, नाहीतर पुढे सरका.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. पनवेल. रात्रबित्र काही नाही, भर दुपारचे दोन.

मी सुमती. एका छोट्या वृद्धाश्रमात मावशी होते. बैठा बंगला, नऊ म्हातारी माणसं. दिवसपाळीला मी आणि स्वयंपाकाची मुबीना.

त्यातली दोघं अंथरुणाला खिळलेली. अशा माणसाची दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. डावी, उताणं, उजवी. नाहीतर पाठीला जखमा होतात.

दोनची कूस मी चुकवायचे.

हो, चुकवायचे! सकाळी सहापासून उभी असायचे मी. दोनला डबा उघडायचा, मोबाइल बघायचा. एका वेळेनं काय मरतंय माणूस, म्हणायचे.

आशालताआजींना लकव्यानंतर बोलता येत नव्हतं. नुसत्या बघायच्या. जखम हाडापर्यंत गेली. मार्चमध्ये त्या वारल्या.

त्यांची मुलगी कादंबरी माझे हात धरून रडली. "मावशी, तुमच्यामुळे आईचे हाल नाही झाले."

मी म्हटलं, "अगं, माझं कामच आहे ते."

मग उरले कमलाकरकाका. बोलके, किरकिरे. त्यांचीही दोनची कूस मी चुकवतच होते.

त्या दुपारी मी शेजारच्या खोलीत जेवत होते...

खट्ट.

पलंगाचा कठडा खाली पडला. मग चादरीची सळसळ.

मग परत... खट्ट. कठडा वर.

जाऊन बघते तर काका डाव्या कुशीवर. गुडघ्यांमध्ये उशी. पाठीला पावडर.

"मुबीना, तू फिरवलंस का काकांना?"

"या अल्ला, माझे हात भांड्यांत आहेत. मी कशाला जाऊ?"

काका म्हणाले, "नवी मावशी आली होती. हात गार आहेत तिचे. बोलत नाही, नुसती बघते. पण तुझ्यासारखी खसाखसा ओढत नाही हो."

तीन दिवस दोनला मी मुबीनाच्या ओट्यापाशी जाऊन बसले.

चौथ्या दिवसापासून... बरंच वाटायला लागलं. लाज सोडून सांगते. काम वाचत होतं! काकांची पाठही सुधारली.

मग एका सकाळी काकांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"सुमती, आज दोनला तू ये. तिला नको पाठवू."

"का हो? लाडकी होती ना तुमची?"

"ती आता कुशीवर थांबवत नाही गं. रोज थोडं पुढे ढकलते. काल माझं नाक उशीला टेकलं होतं. पाया पडतो तुझ्या."

"येते हो, येते," म्हटलं.

दोन वाजले. मी डबा उघडला.

खट्ट...

चादर सळसळली. मी कान देऊन ऐकत होते.

दुसरं खट्ट येईना.

"सुम..." काकांचा आवाज. एवढाच.

मग पलंग हलत राहिला... बराच वेळ.

दार सहा पावलांवर होतं. मी भात संपवला.

घाबरले होते, असं स्वतःला सांगते. खरं म्हणजे मला त्या माणसाचा कंटाळा आला होता.

मी आत गेले तेव्हा काका पालथे होते. तोंड उशीत. चादरीला एक सुरकुती नाही.

मी त्यांना उताणं केलं, डोळे मिटले, मग आरडाओरडा केला. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. कोणी काही विचारलं नाही.

मला एक कळत नाही. काकांनी तिचं काय घोडं मारलं होतं? गुन्हा माझा. मी रोज तिच्या हाताशी होते, तरी मला तिनं बोटसुद्धा लावलं नाही.

नोकरी सोडून मी आता कोन गावात मुलाकडे असते. विचार करकरून डोकं शिणतं. वाटतं, हिंडतंफिरतं माणूस तिला नकोच असेल. अंथरुणाला लागलेलंच हवं असेल.

गेल्या आठवड्यात माझा डावा हात तासभर बधिर झाला होता. डॉक्टर म्हणाले, बीपी फार वाढलंय, जपा.

मुलगा म्हणतो, घाबरतेस कशाला, घरात सून आहे ना बघायला.

आहे. चांगली आहे बिचारी. फक्त दुपारी दोन ते चार ती झोपते.