सहा बरण्यांची झाकणं

झाकणाच्या मधोमध जेमतेम दोन मिलिमीटरचा खळगा होता. बोटाने दाबलं तरी पत्रा हलत नव्हता. वरच्या फळीवरच्या बरणीचं झाकण मात्र सपाट होतं आणि दाबलं की टक् आवाज करत होतं.

भिंगबाईंनी दोन्ही झाकणं पुन्हा एकदा दाबून पाहिली. अन्नतपासणीच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं काढून निवृत्त झालेल्या या बाईंच्या गळ्यात अजूनही भिंग लटकत असे. त्यावरूनच त्यांना हे नाव पडलं होतं. तासाभरापूर्वी शेजारणीचा फोन आला होता. "बाई, असाल तशा या. घराची अब्रू गेली."

शेजारीण म्हणजे दोघी बहिणींतली थोरली. घरामागच्या दोन खोल्यांत या बहिणी फळं टिकवून विकत. थोरली ब्रँडीत, धाकटी साखरेच्या पाकात. थोरलीचे हात आता थरथरत. ब्रँडीची खोली पुढे कुणी सांभाळायची, हा निर्णय ती दोन वर्षं 'सांगते, सांगते' म्हणत लांबवत होती. यंदा तिने पहिल्यांदाच आलुबुखाराच्या सहा बरण्या सुनेला भरू दिल्या. पसंत पडल्या तर एका मोठ्या हॉटेलचा आचारी वर्षभर माल उचलणार होता. आज सकाळी त्याने एक फळ तोंडात टाकलं आणि रुमालात थुंकलं.

"म्हणाला, आजाऱ्याला द्यायचं उकडलेलं फळ आहे हे," सूनबाई म्हणाली. तिचे डोळे सुजले होते. "उघडली ती एकच बरणी, पण बाकीच्या पाचांतली फळंही तशीच दिसताहेत. ब्रँडीचा नुसता वास उरलाय."

"भरल्या कधी होत्यास?"

"दोन महिने झाले."

"मधे चव पाहिलीस?"

"माहेरी जायच्या आदल्या दिवशी. झकास होती, बाई! चार दिवसांनी, परवा परत आले."

"खोलीला कुलूप?"

"घरच्यांपासून कसलं कुलूप?"

"इतकं खोलात कशाला जाताय?" दारातून धाकटी म्हणाली. तिचे हात साखरेने चिकट झाले होते. "आमच्या भावाला विचारा. ब्रँडी कुठे जाते ते अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे."

त्या भावाला सगळेच मामा म्हणत. तो ओसरीवर पेपर वाचत बसला होता.

"मामा, बरण्यांना हात लावलात?"

"लावला असता, तर लपवलं नसतं."

"उघडलेल्या बरणीतलं चाखलं मी. ब्रँडी काढून तेवढाच पाक भरलाय कुणीतरी."

"मग तर मी नक्कीच नाही!" मामाने पेपर खाली ठेवला. "मी प्यायलो की बरणी रिकामी होते. पुन्हा भरून ठेवण्याइतका कष्टाळू मी कधी होतो? विचारा माझ्या बहिणींना."

भिंगबाईंना हसू आलं. सूनबाईला आणि धाकटीला घेऊन त्या धाकटीच्या खोलीत गेल्या. शेगडीवर मोठ्या पातेल्यात, पाण्यात मानेपर्यंत बुडवलेल्या बरण्या खदखदत होत्या. फळीवर तयार बरण्यांची रांग होती. प्रत्येक झाकणाला मधोमध खळगा. काचेवर, मानेखाली, सुकलेल्या पाण्याची पांढुरकी रेघ.

"किती वेळ उकळता?"

"पंचवीस मिनिटं. घड्याळ लावून."

"आणि न उकळता बंद केली तर?"

"चार दिवसांत फेस!" धाकटीच्या आवाजात अभिमान होता. "कुणाच्या पोटात गेलं तर? माझ्या हातून एक बरणी तशी जायची नाही."

"आणि ब्रँडीच्या बरण्या?"

"त्या कशाला उकळायच्या? ब्रँडी स्वतःच राखते फळाला." तिने शेगडी बारीक केली. "ताईचं सगळंच बाई नाजूक. गरम पाण्याचा हातसुद्धा लागू देत नाही."

हे शेवटचं वाक्य बोलताना तिची नजर सूनबाईकडे गेली. ती नजर भिंगबाईंना अनोळखी नव्हती. आपल्याआधी धाकट्या सहकारिणीला बढती मिळाली, त्या दिवशी त्यांनी ती आरशात पाहिली होती.

त्यांनी सगळ्यांना ब्रँडीच्या खोलीत बोलावलं.

"ताई, तुमच्या बरण्यांची झाकणं सपाट आहेत. थंडच भरतात, थंडच मिटतात. सूनबाईच्या न उघडलेल्या पाचांना मात्र खळगा आहे. बरणी तापवून निववली की आतली हवा आकसते आणि पत्रा आत ओढला जातो. फळांची सालं उकलली आहेत. मानेखाली पांढरी रेघ आहे. या सहा बरण्या उकळत्या पाण्यात बसून आल्या आहेत."

"मी नाही उकळल्या!" सूनबाई म्हणाली.

"ठाऊक आहे. आपल्याच परीक्षेच्या बरण्या कोण बिघडवेल? मामांनी साधं पाणी घातलं असतं आणि झोपले असते. ज्याला फक्त तुला तोंडघशी पाडायचं होतं, त्यालाही तेवढंच पुरलं असतं. फेस आला असता, सगळ्यांनी तुझ्या हाताला नावं ठेवली असती, झाकणाकडे कुणी पाहिलं नसतं. पण या माणसाला पाकातलं फळ न उकळता ठेवणं जमलंच नाही. दुष्टपणा करतानाही—"

"कुणाच्या पोटात गेलं असतं तर?" धाकटी एकदम बोलून गेली.

सगळे तिच्याकडे वळले.

"ब्रँडी मोरीत ओतली मी," ती म्हणाली. "पंचवीस वर्षं तुझ्या शेजारी राबते, ताई. 'तुझा हात जड आहे' म्हणून एका बरणीला शिवू दिलं नाहीस. ही आली आणि वर्षभरात सुई हातात! फळाला टोचे कसे मारायचे, ते तू हिचं मनगट धरून शिकवत होतीस. मी दारातून बघत होते. माझं मनगट कधी धरलंस?"

थोरली स्टुलावर बसली. थरथरते हात तिने मांडीवर दाबून धरले.

"नाही धरलं," ती म्हणाली. "ती चूक माझी. दोन वर्षं तोंड शिवून तुम्हां दोघींना टांगून ठेवलं, तीही माझीच. पण हे केलंस ते तुझं." सूनबाई काही बोलणार होती, तिला तिने हाताने थांबवलं. "खरं काय झालं ते आचाऱ्याला मीच सांगते. आणि आता सगळ्यांनी ऐका. ब्रँडीची खोली आजपासून सूनबाईची. धाकटे, तुला इथे शिकायला यायचं असेल, तर तिला विचारून यायचं."